'पितरांजवळ निजला' म्हणजे नेमका कुठे?

प्रश्न असा: मराठी बायबलातल्या 'राजे' या दोन पुस्तकांत राजा मेला की तो 'आपल्या पितरांजवळ निजला' असे येते. याचा अर्थ त्याला घराण्याच्या थडग्यात पुरले असा घ्यायचा का? आणि तसे असेल, तर लगेच पुढे 'मूठमाती दिली' हे पुन्हा कशाला?

माझे उत्तर: नाही. मूठमाती वेगळी, निजणे वेगळे. राजाला पुरले कुठे हे या शब्दांतून कळत नाही. तो मेला कसा हे बहुतेक वेळा कळते.

पहिल्याच राजापाशी पाहा. १ राजे २:१० मध्ये दावीद पितरांजवळ निजतो आणि त्याला दावीदपुरात, म्हणजे यरुशलेमेत पुरतात. पण दाविदाचे पितर बेथलेहेमचे. यरुशलेम तर त्याने स्वतः जिंकून घेतलेले, तिथे त्याच्या आज्या-पणज्याचे हाडूकही नव्हते. मोशेला देव म्हणतो, 'तू आता पितरांजवळ निजणार', आणि त्याची कबर मवाबात, म्हणजे परक्या मुलखात, तीही कोणाला ठाऊक नाही अशी. सगळ्यात स्वच्छ पुरावा याकोबाचा. उत्पत्ती ४७:३० मध्ये तो आपल्या मुलाला, योसेफाला सांगतो की मी पितरांजवळ निजलो म्हणजे मला मिसरातून ने आणि त्यांच्या कबरस्तानात पूर. आधी निजणे, मग शेकडो कोसांचा प्रवास, मग पुरणे.

मूळ हिब्रू शब्द 'वय्यिश्कव इम अवोताव'. धातू 'शाखव', म्हणजे आडवे होणे. झोपेसाठी हिब्रूत 'याशन' हा वेगळा धातू आहे. म्हणून इथे 'झोपला' न वापरता 'निजला' वापरणाऱ्या मराठी भाषांतरकारांना मी मनातल्या मनात दाद देतो. 'जरा पाठ टेकून निजतो' यात झोप लागलीच पाहिजे असे नाही, 'पोर निजलं' यात ती आहे, आणि तिसरा अर्थ आपण आवाज खाली आणून बोलतो. शाखवचेही तसेच. १ राजेच्या पहिल्या अध्यायात म्हाताऱ्या दाविदाला कितीही पांघरुणे घातली तरी ऊब येत नाही, म्हणून शूनेमची अबीशग आणतात, तिने राजाच्या कुशीत निजावे म्हणून. तिथे हाच धातू. (राजाने तिच्याशी संग केला नाही, हे पुस्तक मुद्दाम नोंदवते, शब्द कुठे घसरू शकतो हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होते.) त्याच अध्यायात दाविदाची राणी बथशेबा त्याला म्हणते की महाराज पितरांजवळ निजले म्हणजे मी आणि माझा मुलगा शलमोन अपराधी ठरू. पुन्हा तोच धातू. पुढच्या अध्यायात दावीद खरोखर निजतो.

बथशेबाचे ते वाक्य मला या सगळ्या चर्चेत फार महत्त्वाचे वाटते. नवरा समोर पडलेला आहे, राज्य कोणाला हे त्याच्या तोंडून काढून घ्यायचे आहे, आणि 'तुम्ही मेल्यावर' तर म्हणता येत नाही. आपल्या घरात वडीलधारी माणसे 'मी डोळे मिटल्यावर' म्हणतात आणि बाकीचे 'काही बरंवाईट झालं तर' म्हणतात, तशी ही सोय आहे. शब्द मऊ आहे. म्हणूनच ज्याचा खून झाला त्याला तो सहसा मिळत नाही.

हे तपासायला दोन राजे शेजारी ठेवा. (शलमोनानंतर राज्य दुभंगले: दक्षिणेला दाविदाच्या घराण्याचे यहूदा, उत्तरेला इस्राएल.) यहूदाचा मनश्शे ५५ वर्षे राज्य करून मेला. तो पितरांजवळ 'निजला', पण पुरला वाड्यातल्याच बागेत, उज्जाच्या बागेत. यहूदाचाच अहज्या इस्राएलची गादी बळकावणाऱ्या येहूच्या माणसांच्या हातून घायाळ झाला, मगिद्दोला पोचून मेला. चाकरांनी रथातून प्रेत यरुशलेमेला आणले आणि पितरांजवळ पुरले. हा पितरांजवळ पुरला, पण 'निजला' नाही. थडग्याचाच मामला असता तर हिशेब उलटा व्हायला हवा होता.

अपवाद आहेत, आणि तेच चघळण्यासारखे. इस्राएलचा अहाब रामोथ-गिलादच्या लढाईत वेश बदलून उतरला. कोणीतरी सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यात घुसला, संध्याकाळपर्यंत रथात टेकून उभा राहिला आणि गेला. रथ धुतला तेव्हा शोमरोनच्या तळ्याकाठी कुत्र्यांनी रक्त चाटले. इतके सगळे सांगून झाल्यावर पुस्तक शांतपणे म्हणते, अहाब पितरांजवळ निजला! त्याच्या मुलाचेही नाव अहज्या. हा वरच्या जाळीतून पडला आणि त्या दुखण्याने मेला. खून नाही, लढाई नाही, तरी तो 'निजला' नाही, नुसता मेला. त्याला मुलगा नव्हता, म्हणून भाऊ गादीवर आला. यावरून वाटते की मागे मुलगा सुखाने गादीवर बसला की बापाला 'निजला' लावत असावेत. मलाही ही कल्पना आवडते, पण यहूदाचा राजा योशिया आडवा येतो. तो मगिद्दोला फारो नखोच्या हातून मेला, मुलगा गादीवर आला, तरी योशियाला हा शब्द नाही. शिवाय यहूदाच्याच अमस्या राजाला लाखीश गावात मारले, घोड्यांवरून आणून पुरले. तिथे 'निजला' नाही, पण दोनच वचनांनी पुढे 'राजा पितरांजवळ निजल्यावर' असे ओघात येऊन जाते. तेव्हा याला पाणिनीचे सूत्र समजू नये, लेखनिकांची सवय समजावे.

प्रश्नकर्त्याचा अंदाज मुळाशी मात्र अगदीच वावगा नाही. त्या काळी यहूदात खडकात कोरलेली थडगी असत. आत भिंतीलगत दगडी ओटे, त्यावर प्रेत आडवे ठेवायचे. काही काळाने हाडे गोळा करून खालच्या खड्ड्यात, आधीच्या हाडांत मिसळायची. वाक्प्रचारामागचे चित्र तिथूनच आले असावे, पुढे चित्र झिजले. शिवाय तो एकट्या हिब्रूचा नाही. आजच्या इस्राएलच्या उत्तर भागात तेल दान इथे १९९३ साली सापडलेल्या अरामी शिलालेखात एक राजा आपल्या बापाबद्दल याच धातूने 'निजला' म्हणतो.

आता 'पितर'. हिब्रू 'अवोत' हे 'अव', म्हणजे बाप, याचे अनेकवचन. बाप आणि वाडवडील दोन्ही त्यात येतात. संस्कृतातल्या 'पितरः'चेही तेच. मराठीत मात्र पितर म्हणजे फक्त मेलेले, आणि बरोबर भाद्रपद, काकस्पर्श, सर्वपित्री अमावास्या असे सगळे येते. मूळ शब्दाला तो वास नाही. मला विचाराल तर 'वाडवडिलांजवळ' जास्त जवळचे, पण ठेक्यात 'पितरांजवळ' त्याला हरवते.

एक गंमत. पुढचा ठरलेला भाग असतो 'आणि त्याचा मुलगा त्याच्या जागी राजा झाला'. 'त्याच्या जागी'ला हिब्रू शब्द 'तख्ताव', आणि मराठी कानाला लगेच तख्त ऐकू येते. संबंध काही नाही. आपले तख्त फारसी. हिब्रू 'तखत' म्हणजे खाली, आणि त्यावरून जागी, बदली.

'निजला' आणि 'त्याच्या जागी' या दोन्ही ठरलेल्या वाक्यांची शेवटी काय गत होते तेही पाहा. २ राजेच्या अखेरीस यहूदाचा राजा यहोयाखीन बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैदेत असतो. ३७व्या वर्षी त्याला सोडतात, कैद्याचे कपडे उतरवतात, राजाच्या पंक्तीला बसवतात आणि रोजचा शिधा आयुष्यभरासाठी बांधून देतात. पुस्तक तिथेच थांबते. तो निजल्याचे त्यात नाही, आणि त्याचा मुलगा 'त्याच्या जागी' राजा झाल्याचेही नाही.