कुरव आणि दयाळ यांत नेमका फरक काय? नवशिक्याने कोणापासून सुरुवात करावी?

फरक काय, दोन्ही पक्षीच, पण कुरवाला (म्हणजे सीगलला) समुद्र नाहीतर मोठं तळं लागतं आणि दयाळाला परसातला शेवगा पुरतो. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना, 'कुरव नुसता ओरडतो, गातो तो दयाळ', ते वाचून राहवलं नाही, आमच्या दादाचं पण सेम म्हणणं.

पाचेक वर्षांपूर्वी जानेवारीत हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव चालू होता, आम्ही दोघं सुरमईच्या मागे, आणि बाजूला एक कुरव जाळ्याच्या तुकड्यात गुरफटून पडलेला. लाल चोच, टोक काळं, कानामागे काळा ठिपका, डोळा पांढुरका, म्हणजे मोठा झालेला तपकिरी डोक्याचा कुरव (हिवाळ्यात डोकं पांढरंच असतं, नावावर जाऊ नका). मी टॉवेलात धरला, एका मावशींनी सुरीने नायलॉन कापलं, आणि त्याच्या चोचीच्या टोकावरून टप टप पाणी गळायला लागलं. दादा म्हणतो, सर्दी झालीय, मरतोय हा, ठेव खाली. अरे सर्दी कसली! कुरवांच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूला मिठाच्या ग्रंथी असतात, खारं पाणी पोटात गेलं की जास्तीचं मीठ नाकपुड्यांतून असं बाहेर पडतं. दयाळाला ही सोय नाही. सोडला तर बोटींच्या पलीकडे उडत गेला, तरी दादा आजपण म्हणतो की मेलाच असणार.

दयाळाचं गाणं भारीच, त्यात वाद नाही. तो ऐकून ऐकून शिकतो, कुरवाची ओरड मात्र जन्मजात. पण जानेवारीत दयाळ तरी कुठे गातो, कुंपणावर बसून चर्र चर्र करतो बस. सूर लागतो तो मार्चपासून पुढे, आणि त्या सुमारास कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांकडे अंडी घालायला निघतात. दादा मे महिन्यातलं गाणं आणि जानेवारीतली ओरड एकाच तागडीत घालतो, मग जिंकणार कोण!

सुरुवात दयाळापासूनच करा. नर काळा-पांढरा, मादी राखाडी, शेपटी वर, चुकणार नाही. कुरव डोकं खातात, पिल्लांचा रंग वेगळा, हिवाळ्या-उन्हाळ्याचा वेगळा.

आणि हो, अडकलेला पक्षी माझ्यासारखा हाताने धरू नका, चोच लागते, वनखात्याला फोन करा. मांडव्याच्या लाँचवरून कुरवांना शेव-चिप्स पण टाकू नका. दादाने अख्खं पाकीट टाकलं होतं, वर मलाच म्हणतो, बघ तुझा कुरव किती हावरट.