शुक्र दाबामुळे तापलाय का? तपासायचं कसं

भाऊ, तुम्ही विचारलंय की शुक्रावर हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९२ पट आहे, म्हणूनच तिथे ४६४ अंश तापमान आहे, कार्बन डायऑक्साइडचा संबंध नाही, हे खरं का? यातलं अर्धं खरं आहे. हवा वरून खाली येताना दाबली जाऊन तापते. पण तेवढ्यानं जमीन तापलेली राहत नाही. ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा भरताना ती गरम होते. दुसऱ्या दिवशी दाब जवळपास तेवढाच, टायर मात्र गार.

आता हिशेब बघा. शुक्राचे ढग सुमारे तीन चतुर्थांश ऊन परत फेकतात. उरतं ते सरासरी चौरस मीटरला १६० वॅटच्या आसपास. पृथ्वीला २४० मिळतात. ४६४ अंशांची जमीन मात्र १६ हजार वॅटच्या वर उष्णता बाहेर टाकते. हवेतून अवरक्त किरण (तापलेली जमीन सोडते ते डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) सरळ पार गेले असते, तर दाब कितीही असला तरी शुक्र थंड झाला असता. उष्णता अडवणारं काहीतरी लागतंच. ते काय, हे सांगत नाही तोवर दाबाचा सिद्धांत मला मान्य नाही.

दाबावरून ग्रहांचं तापमान देणारं सूत्र जुळतं म्हणाल, तर पाच-सहा गोलांच्या आकड्यांवर तीन-चार स्थिरांक हवे तसे निवडले की रेषा बसतेच. ती चाचणी नव्हे.

आपल्या वावरात मात्र एक चाचणी होते. डिसेंबरात निरभ्र रात्री हरभऱ्यात पारा भराभर उतरतो. आभाळ आलं की रात्र उबदार जाते आणि घाटेअळीची चिंता लागते. दाब या दोन रात्रींत फार तर हजारात काही मिलिबार हलतो. (ढगांसोबत दमट हवाही येते, तिचाही वाटा धरा.) कारखान्यात वापरतात तशी तापमान-बंदूक मिळाली तर दोन्ही रात्री आभाळाकडे रोखा, ताप मोजायची नको, ती एवढं कमी तापमान दाखवत नाही. निरभ्र आभाळ शून्याच्या बरंच खाली दिसेल, ढग त्याहून कितीतरी गरम.

या बंदुकीला ढग आणि बाष्प दिसतं, कार्बन डायऑक्साइड जवळपास नाही, कारण ती ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या किरणांच्या पट्ट्यात पाहते. कार्बन डायऑक्साइडचा पुरावा वरून मिळाला. १९७० मध्ये निंबस-४ उपग्रहानं पृथ्वीतून निसटणाऱ्या उष्णतेचा वर्णपट (कोणत्या तरंगलांबीला किती उष्णता निसटते ते) मोजला, तेव्हा १५ मायक्रॉनपाशी, म्हणजे नेमका कार्बन डायऑक्साइड शोषतो तिथेच, खोल खड्डा दिसला. नुसत्या दाबानं तापणाऱ्या ग्रहाच्या वर्णपटात तिथेच खड्डा पडायला काही कारणच नाही.