चित्र काळं-पांढरं आलं म्हणून डिव्हाइस फेकू नका

भाऊ, जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये कॅप्चर डिव्हाइस जोडलं, लग्नाची कॅसेट लावली आणि चित्र काळं-पांढरं होऊन वरखाली सरकतंय, तर आधी रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं व्हिडिओ स्टँडर्ड, म्हणजे चित्राची पद्धत, बघा. तिथे बहुधा एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली पद्धत, असेल. आपल्याकडच्या कॅसेटी ‘पाल’ (PAL) पद्धतीच्या : 720 बाय 576 पिक्सेल, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 चित्रं. तेवढं बदललं की नवरीच्या अंगावरची हळद पुन्हा पिवळी दिसते.

चित्रच येत नसेल तर व्हीसीआर थेट टीव्हीला जोडा. तिथे दिसलं, तर पिना तपासा : पिवळी व्हिडिओची, पांढरी-लाल आवाजाची, आणि तिन्ही व्हीसीआरच्या ‘आउट’ला. आवाज हळूहळू पुढेमागे होत असेल तर फ्रेम गळताहेत. डिव्हाइस यूएसबी हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला लावा.

आता खरी काळजीची गोष्ट. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट लावूच नका. मी भुसावळला मामांची अशी एक घाईत लावली, व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, माखलं आणि पुढच्या दोन चांगल्या कॅसेटींवरही मुंग्याच मुंग्या. हेड पुसताना कापसाची काडी नको, धागा अडकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला धागे न सुटणारा कपडा हेडच्या ड्रमला अलगद टेकवा आणि ड्रम हाताने फिरवा. वरखाली कधीच घासू नका, हेड मोडतं.

आणि आपल्या खान्देशातला मे महिना! पत्र्याखालच्या माळ्यावरून काढलेली कॅसेट एक दिवस घरात गार होऊ द्या, मग एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. एकुलती एक असेल ती सर्वांत शेवटी लावा.