लिनक्सवर गेमिंग कीबोर्डच्या जी-की आणि लाइट कशा चालू करायच्या?

तुमचा प्रश्न असा आहे: उबंटूवर कॉर्सेअरचा के९५ आरजीबी जोडला, अक्षरं नीट उमटतात, पण डावीकडच्या १८ जी-की (हवं ते काम देता येणाऱ्या जादा की) दाबल्या तर काहीच होत नाही आणि लाइटचा रंग बदलता येत नाही. मग परत विंडोजवर जावं का?

मुळीच जाऊ नका. मी हाच कीबोर्ड लिनक्सवर रोज आठ-आठ तास वापरते आणि त्याच्या सगळ्या की चालतात.

कॉर्सेअरचं आयक्यू हे सॉफ्टवेअर फक्त विंडोज आणि मॅकसाठी आहे. लिनक्सवर तेच काम सीकेबी-नेक्स्ट करतं. स्वयंसेवकांनी लिहिलेलं, मुक्त आणि फुकट. त्याचे दोन भाग आहेत हे आधी लक्षात घ्या, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. एक डीमन, जो रूट म्हणून (सगळे अधिकार घेऊन) मागे चालतो आणि यूएसबीवरून थेट कीबोर्डशी बोलतो. दुसरी आपल्याला दिसणारी खिडकी. पॅकेज टाकलं, खिडकी उघडली आणि कीबोर्डच दिसला नाही, तर डीमन सुरू झालेला नसतो. टर्मिनलमध्ये सिस्टिमसीटीएल या कमांडने सीकेबी-नेक्स्ट-डीमन ही सर्व्हिस इनेबल करून लगेच सुरू करा. तरीही दिसला नाही तर कीबोर्डच्या मागचा बारीक स्विच बघा. तो बायोसवर असेल तर कीबोर्ड साध्या कीबोर्डासारखा वागतो. १ वर सरकवा.

डीमन सुरू झाला की तो खरा कीबोर्ड कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) स्वतःकडे घेतो आणि त्याच्या जागी एक आभासी कीबोर्ड उभा करतो. म्हणून पुढे कधी ईव्हीटेस्ट या टूलने की तपासायला गेलात तर यादीतलं सीकेबीने सुरू होणारं नाव निवडा. खऱ्या कीबोर्डाच्या नावावर शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

लाइटचं काम सोपं आहे. खिडकीत कीबोर्डचं चित्र दिसतं, त्यावर माउस ओढून की निवडायच्या आणि रंग द्यायचा. फक्त एक चूक टाळा, जी मी केली होती. रॅमच्या लाइटसाठी मी ओपनआरजीबी हे लाइट सांभाळणारं दुसरं सॉफ्टवेअरही टाकलं होतं. दोघंही एकाच कीबोर्डला रंग पाठवत होते आणि लाइट सारखी फडफडत होती. ओपनआरजीबीच्या सेटिंगमध्ये जाऊन तेवढा कीबोर्ड बंद केला आणि फडफड थांबली.

आता जी-की. इथे थोडा वेळ द्या, कारण मराठीत टाइप करणाऱ्याला इथेच ठेच लागते. मॅक्रो, म्हणजे एका कीवर रेकॉर्ड केलेली कींची मालिका, अक्षरं पाठवत नाही, कुठल्या की दाबल्या तेवढंच पाठवते. म्हणजे इंग्रजी लेआउटवर 'मेक' ही कमांड रोमन लिपीत टाइप करणारी मॅक्रो रेकॉर्ड केली आणि नंतर इनस्क्रिप्ट हा मराठी लेआउट चालू असताना ती दाबली, तर पडद्यावर 'सोका' उमटतं. कारण एमच्या जागी स आहे, एच्या जागी ओकाराची मात्रा, केच्या जागी क आणि ईच्या जागी काना. मॅक्रो बिघडलेली नसते. तिने त्याच चार की दाबल्या, त्यांचा अर्थ लेआउटने बदलला. हे कळेपर्यंत मी एकच मॅक्रो कितीदा तरी पुन्हा रेकॉर्ड केली.

म्हणून माझा सल्ला: मजकूर मॅक्रोत कोंबू नका. की निवडल्यावर बाइंडिंगमध्ये प्रोग्रॅम असा पर्याय दिसतो, तिथे कमांड लिहायची. माझ्या जी१ वर आयबसला (टायपिंगची भाषा बदलणाऱ्या प्रोग्रॅमला) मराठीवर नेणारी कमांड आहे, जी२ वर इंग्रजीवर आणणारी. एकच की दाबून आलटून-पालटून भाषा बदलण्यापेक्षा हे फार बरं, कारण आत्ता कुठली भाषा चालू आहे हे आठवावं लागत नाही. जी३ वर एक छोटी स्क्रिप्ट आहे. ती माझा पत्ता क्लिपबोर्डवर ठेवते आणि मी पेस्ट करते. लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या एक्स११ किंवा वेलँड यांपैकी एक प्रणाली चालवते. एक्स११ असेल तर त्यासाठी एक्सक्लिप वापरा, वेलँड असेल तर डब्ल्यूएल-कॉपी. या कमांड सीकेबी-नेक्स्टची खिडकी चालवते, म्हणून ती लॉगिनबरोबर सुरू होऊन ट्रेमध्ये राहू द्या.

वरचे एम१ ते एम३ मोड बदलायला ठेवलेत तर १८ कींवर ५४ कामं बसतात. मला सहा पुरतात. त्यापुढच्या माझ्या हाताला लक्षात राहत नाहीत.

दुसऱ्या कंपनीचा कीबोर्ड असलेले कुणी हे वाचत असतील तर: रेझरसाठी ओपनरेझर हा ड्रायव्हर आणि त्यावर पॉलिक्रोमॅटिक ही खिडकी. लॉजिटेकच्या जी१५ ला कर्नल ५.५ पासून स्वतःचा ड्रायव्हर आहे, पण त्याच्या जी-कींचे क्रमांक ६५६ पासून सुरू होतात आणि एक्स११ ला २४७ च्या पुढचे क्रमांक पोचतच नाहीत. की मेलेली वाटते, प्रत्यक्षात ती बोलत असते. अशा वेळी इनपुट-रिमॅपरने तिला खालचा एखादा क्रमांक द्या.

आणि ज्यांच्याकडे स्वस्तातला, स्क्रोल लॉकने उजळणारा कीबोर्ड आहे, त्यांना यातलं काहीच लागत नाही. लिनक्सवर स्क्रोल लॉक दाबला तरी त्याचा दिवा सहसा लागत नाही आणि त्या कीबोर्डांची सगळी लाइट त्याच दिव्याला जोडलेली असते. सिसच्या आत क्लास, त्याच्या आत लेड्स या फोल्डरात जा. स्क्रोललॉकने संपणारं नाव शोधा आणि त्यातल्या ब्राइटनेस फाइलीत रूट म्हणून १ लिहा. कीबोर्ड उजळेल. रीबूटनंतर हे पुन्हा करावं लागतं, म्हणून ब्राइटनेससीटीएलची एक ओळ स्टार्टअपमध्ये टाकून ठेवा.

तुमचा के९५ एवढं करूनही सीकेबी-नेक्स्टला दिसला नाही, तर टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी चालवा आणि कॉर्सेअरची ओळ इथे टाका. तिच्यात १बी१सी (हा कॉर्सेअरचा क्रमांक) नंतर येणारा आकडा बघून पुढचं सांगते.