कपाटाची किल्ली आणि पासवर्ड: महाविद्यालयीन ग्रंथालयांविषयी वाचकांचे प्रश्न

महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्या ग्रंथालयांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा या अंकासाठी निवडली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून, एकाच आशयाची पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: आमच्या संस्थेच्या वरिष्ठ महाविद्यालयाची नवी इमारत उभी राहत आहे. ग्रंथालयात मुले येतात ती स्वतःच्या वह्या-पुस्तके घेऊन अभ्यासाला बसण्यासाठी. कपाटांतील पुस्तके फारशी हलत नाहीत. तेव्हा नव्या इमारतीत ग्रंथालयाला एक मजला द्यावा का, असा प्रश्न समितीत निघाला आहे. (संस्थेचे एक सदस्य, बार्शी)

उत्तर: मुले स्वतःची पुस्तके घेऊन येत असली, तरी तोही ग्रंथालयाचा वापरच आहे, हे प्रथम मान्य करावे. भाड्याच्या एका खोलीत चौघे राहणाऱ्या किंवा खेड्यातून एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याला शांत जागा, पुरेसा उजेड आणि बसायला टेबल-खुर्ची एवढे मिळणेही सोपे नसते; ते मिळाले नाही, तर महिन्याचे पैसे मोजून त्याला खासगी अभ्यासिकेत जावे लागते. समितीने केवळ देवघेवीच्या नोंदी पाहून निर्णय घेऊ नये. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी किती खुर्च्या भरलेल्या असतात, याची सत्रभर नोंद ठेवावी आणि परीक्षेच्या काळातील आकडे वेगळे मांडावेत.

जागेची विभागणी मात्र जुन्या पद्धतीने करू नये. मौन पाळण्याचे दालन आणि गटाने चर्चा करण्याची खोली स्वतंत्र असावी, प्रत्येक टेबलापाशी विजेचा प्लग असावा, आणि बंद होण्याची वेळ ठरवताना शेवटच्या गाडीची वेळ विचारात घ्यावी. कपाटांखालची जागा मोकळी करायची असल्यास बदललेल्या अभ्यासक्रमांच्या क्रमिक पुस्तकांच्या जादा प्रती रीतसर निर्लेखित, म्हणजे नोंदवहीतून कमी करता येतात. स्थानिक इतिहासाची पुस्तके, जिल्ह्यातील संस्थांची स्मरणिका-अहवाल आणि मराठी नियतकालिकांच्या जुन्या फायली यांना मात्र हात लावू नये. यातील बरेचसे साहित्य कोणत्याही संकेतस्थळावर नाही, आणि रद्दीत गेलेला अंक पुन्हा मिळत नाही.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात सर्व कपाटे कुलूपबंद असतात. चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून दिले, की परिचर ते आणून देतात. आम्हाला आत जाता येत नाही. विचारले असता ‘पुस्तके हरवतात’ असे सांगितले जाते. या काळातही असे का? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर: याचे कारण बहुधा ग्रंथपालाच्या हेकटपणापेक्षा त्याच्या भीतीत सापडेल. पडताळणीत, म्हणजे नोंदीनुसार पुस्तके मोजताना, ती कमी भरली, तर त्यांची किंमत आपल्या वेतनातून वसूल होईल, निवृत्तीच्या वेळी ‘ना देय’ प्रमाणपत्र अडेल, ही धास्ती अनेक ग्रंथपालांच्या मनात असते आणि ती पूर्णपणे निराधार नाही. ज्याच्या डोक्यावर हजारो पुस्तकांची वैयक्तिक जबाबदारी टाकली आहे, तो माणूस कुलूपच लावणार.

नियमांचा कल मात्र याहून उदार आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम २१५ नुसार, वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचनासाठी हाताळल्या गेलेल्या दर १,००० पुस्तकांमागे ५ पुस्तके गहाळ होणे वाजवी मानता येते, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. १,००० रुपयांहून अधिक किमतीचे पुस्तक, तसेच कोणत्याही किमतीचे दुर्मिळ पुस्तक हरवल्यास चौकशी आवश्यक ठरते. पडताळणीचेही प्रमाण तेथेच दिले आहे: २०,००० पर्यंत पुस्तके असल्यास दरवर्षी संपूर्ण, ५०,००० पर्यंत असल्यास तीन वर्षांतून किमान एकदा, आणि त्याहून मोठ्या संग्रहात तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी. हे नियम केंद्र सरकारच्या संस्थांसाठी असल्याने आपल्या महाविद्यालयाला ते आपोआप लागू होत नाहीत. तथापि ग्रंथालय समितीने याच धर्तीवर ठराव करून प्राचार्यांच्या मंजुरीने तो नोंदवला, तर ग्रंथपालाच्या मनावरील ओझे उतरते आणि कुलूप काढण्याची बोलणी सुरू होऊ शकतात. लक्षात घ्यावे, की नियमातील सवलत वापराच्या प्रमाणात आहे. जेथे पुस्तक कोणी हाताळतच नाही, तेथे हरवण्याचीही मुभा उरत नाही.

बंदिस्त पद्धतीत होणारे नुकसान पडताळणीच्या अहवालात दिसत नाही, म्हणून ते कोणी मोजत नाही. चिठ्ठी लिहिण्यासाठी पुस्तकाचे नाव आधीच माहीत असावे लागते, आणि ज्याला विषय नवा आहे त्याला नेमके तेच माहीत नसते. ग्रंथांना वर्गांक देऊन एका विषयाची पुस्तके शेजारी शेजारी लावण्यामागचा हेतूच हा, की एक शोधायला गेलेल्या वाचकाच्या नजरेस दुसरे पडावे. कपाटाला कुलूप लावल्यावर वर्गीकरणाचे ते सारे कष्ट परिचराच्या सोयीपुरते उरतात.

एकदम सर्व दालने उघडण्याचा आग्रह धरू नका. एखाद्या विषयाची कपाटे देवघेव टेबलाच्या नजरेत येतील अशी मांडून एका सत्रापुरता मुक्तप्रवेश मागावा. पिशव्या बाहेर ठेवण्याची सोय, बाहेर पडण्याचे एकच दार आणि पुस्तकांवर बारकोड एवढ्यावर मध्यम आकाराच्या संग्रहाचे काम भागते; पुस्तकातील चिप ओळखणारी आरएफआयडीची महागडी दारे आल्याशिवाय काहीच करता येणार नाही, हे म्हणणे मला पटत नाही. खरी अडचण वेगळीच असते. मुक्तप्रवेशात पुस्तके चुकीच्या जागी ठेवली जातात आणि चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक हरवल्यासारखेच असते, म्हणून रोज कपाटे तपासून ती जागेवर लावणारा माणूस लागतो. आपल्या वर्गातील काही जणांनी ‘कमवा आणि शिका’ योजनेतून हे काम स्वीकारण्याची तयारी दाखवली, तर मागणीला वजन येईल.

प्रश्न: मी नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालयात शिकवतो आणि विद्यापीठात पीएच.डी.साठी नोंदणी केली आहे. घरून शोधनिबंध उघडला, की पैसे मागितले जातात. विद्यापीठाचे ग्रंथालय दूर आहे. काय करावे? (सहायक प्राध्यापक)

उत्तर: आपण ज्याचे पैसे भरण्याच्या विचारात आहात, त्याची वर्गणी आपल्या नावे आधीच भरलेली असण्याची शक्यता मोठी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्थांना खुली करण्याचे ठरले. त्याचे काम विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे आहे. आपले महाविद्यालय खासगी संस्थेचे असले, तरी संशोधक म्हणून आपण विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे वाचक आहात. त्या नात्याने तेथून लॉगिन मागावे.

पैसे मागितले जाण्याचे कारण तांत्रिक आहे. आवाराच्या इंटरनेट जोडणीवरून आलेला वाचक प्रकाशकाच्या संकेतस्थळाला ओळखता येतो, घरच्या मोबाइलवरून आलेला येत नाही. यासाठी इन्फ्लिबनेटने ‘इन्फेड’ ही ओळख पटवण्याची व्यवस्था उभी केली आहे. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर संस्थेमार्फत प्रवेशाचा पर्याय निवडून, यादीतून विद्यापीठाचे नाव घेऊन, ग्रंथालयाने दिलेले नाव आणि पासवर्ड भरावा लागतो. महाविद्यालय ‘एन-लिस्ट’ या महाविद्यालयांसाठीच्या ई-साहित्य योजनेचे सभासद असल्यास तेथील ई-पुस्तकांसाठी वेगळे लॉगिन मिळते, तेही महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडेच मागावे लागते. ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहातील पीएच.डी.चे पाच लाखांहून अधिक प्रबंध मात्र कोणत्याही लॉगिनशिवाय वाचता येतात.

एवढे असूनही बहुतेक ग्रंथालयांत हे पासवर्ड प्रवेशाच्या दिवशी ओळखपत्राबरोबर दिले जात नाहीत. ज्याने विचारले त्यालाच मिळतात. कोट्यवधींची वर्गणी दिल्लीत भरली जाते आणि ती नंदुरबारच्या वाचकापर्यंत पोहोचते की नाही, हे एका माणसाने पाठवलेल्या एका ई-मेलवर ठरते. आपला विषय मराठी साहित्य किंवा स्थानिक इतिहास असल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या योजनेत मुख्यतः आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची नियतकालिके असल्याने मराठी नियतकालिकांतील जुन्या लेखांसाठी आंतरग्रंथालयीन देवघेवीचाच मार्ग उरतो. ज्या ग्रंथालयात अंक आहे, तेथील ग्रंथपालांना आपल्या ग्रंथपालांमार्फत लेखाचे नाव, अंक आणि पृष्ठांक कळवून प्रत मागवावी.

प्रश्न: माझी मुलगी दृष्टिहीन असून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ग्रंथालयाकडे ब्रेल पुस्तके नाहीत, एवढे सांगून आम्हाला परत पाठवले. (एक पालक, नाशिक)

उत्तर: आपल्या मुलीला नाकारण्यासाठी दिलेले हे कारण पुरेसे नाही. महाविद्यालयात शिकणारे अनेक दृष्टिहीन विद्यार्थी आज संगणकावर किंवा मोबाइलवर मजकूर ऐकून वाचतात. त्यासाठी एनव्हीडीएसारखे पडदावाचक सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. पुस्तक खरेदी करण्यापलीकडे ग्रंथालयाने येथे आणखी एक काम करायचे असते, ते म्हणजे हाती असलेले पुस्तक ऐकता येईल अशा रूपात आणणे.

कायद्याची अडचण नाही. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात, अपंग व्यक्तींना वाचता येईल अशी प्रत नफ्याविना तयार करण्यास परवानगी दिली आहे. त्याच हेतूने २०१३ मध्ये झालेल्या माराकेश करारास जून २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. त्यामुळे प्रकाशकाची परवानगी नाही, असे कोणी म्हटल्यास या तरतुदीकडे लक्ष वेधावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन संग्रहातही मुलीची नोंदणी करून घ्यावी.

मराठीच्या बाबतीत एक खास अडथळा येतो. पुस्तकाची पाने नुसती स्कॅन केली, तर पडदावाचकाला ती चित्रे वाटतात व तो गप्प राहतो. अक्षरओळख करून मजकूर काढला, तरी जोडाक्षरे व रफार यांत चुका राहतात आणि कोणीतरी बसून त्या दुरुस्त कराव्या लागतात. सर्वांत फसवा प्रकार शिक्षकांच्या नोट्सचा असतो. युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संगणकीय संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल डोळ्यांना सुरेख मराठी दिसते. पडदावाचक मात्र त्यातून अर्थहीन इंग्रजी अक्षरे व चिन्हे वाचत सुटतो. म्हणून प्राचार्यांकडे लेखी मागणी करावी, की अभ्यासक्रमाचे साहित्य युनिकोडमध्ये मिळावे आणि नेमलेल्या पुस्तकांची यादी सत्र सुरू होण्यापूर्वी हाती यावी, कारण एक पुस्तक तयार करायला काही आठवडे लागतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना मुद्रितशोधनाचे हे काम देणारी महाविद्यालये आहेत.

प्रश्न: ग्रंथालयाच्या संगणकावर शोधले, की मराठी पुस्तक ‘नाही’ असे दिसते, आणि तेच पुस्तक कपाटात सापडते. असे का? (वाचक, सातारा)

उत्तर: संगणकीकरणाच्या घाईत अनेक ठिकाणी मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत भरली गेली, तीही ज्याला जसे सुचेल तशी, ‘इतिहास’ एका नोंदीत एका ‘ए’ने, तर दुसरीत दोन ‘ए’ंनी. कोहासारख्या ग्रंथालयीन संगणक-प्रणालींत देवनागरीत नोंदी करण्याची सोय असते, पण जुन्या नोंदी सुधारण्याचे काम कोणाच्याच वार्षिक उद्दिष्टांत नसते. तोवर लेखकाचे केवळ आडनाव वेगवेगळ्या रोमन स्पेलिंगांनी शोधून पाहावे, आणि सापडलेली चूक देवघेव टेबलावर लिहून द्यावी.

प्रश्न: विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने दिलेली संदर्भयादी घेऊन येतात. त्यातील काही पुस्तके व लेख अस्तित्वातच नसतात. शोधण्यात तास जातात. यावर ग्रंथालयाने कोणते धोरण ठेवावे? (ग्रंथपाल, कोल्हापूर)

उत्तर: बंदीची सूचना लावून उपयोग होणार नाही. अशा खोट्या संदर्भात लेखक खरा असतो, नियतकालिक खरे असते, वर्षही शक्यतेतले असते. त्यांची जुळणी तेवढी बनावट असते. त्यामुळे विद्यार्थ्याला तो संशयास्पद वाटत नाही आणि आपण पुस्तक शोधून दिले नाही, असाच त्याचा समज होतो. त्याच्यासमोरच पडताळणी करून दाखवावी: लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक, उघडतो का, त्या अंकाच्या अनुक्रमणिकेत त्या पृष्ठावर तो लेख आहे का, पुस्तकाची नोंद कोणत्याही मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीत आहे का. तीन प्रश्नांना दहा मिनिटे पुरतात.

साधर्म्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर येथे विसंबू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांवर कारवाईचे टप्पे आहेत. परंतु ही मोजणी उचललेल्या मजकुराची आहे. जे पुस्तक जगात नाही त्याच्याशी काहीच जुळत नाही, त्यामुळे बनावट संदर्भांनी भरलेला प्रकल्प साधर्म्याच्या अहवालात उलट स्वच्छ दिसतो. आपण दिलेला साधर्म्य अहवाल म्हणजे प्रबंधाच्या प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र, असा मार्गदर्शकांचा समज असल्यास तो लेखी दूर करावा.

जूनमधील ग्रंथालय-परिचयाचा कार्यक्रम यासाठी कुचकामी आहे, कारण तेव्हा विद्यार्थ्याला काहीच शोधायचे नसते. प्रकल्पाचे विषय वाटून झाल्यानंतरच्या आठवड्यात, त्या विषयाच्या शिक्षकांच्या उपस्थितीत, त्यांच्याच तासाला वर्ग घ्यावा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या यादीतील दोन संदर्भ मूळ प्रतीवरून तपासून आणावेत, अशी अट शिक्षकांनीच घालावी. आपण वर्गावर गेलात, तर देवघेव टेबल कोण सांभाळणार, हा प्रश्न आपण पत्रात विचारलेला नाही, पण तो आहेच. एक ग्रंथपाल आणि एक परिचर एवढ्यावर चालणाऱ्या ग्रंथालयाकडून शिकवण्याची, पासवर्ड वाटण्याची आणि मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची अपेक्षा ठेवायची असेल, तर रिक्त पदाचा प्रस्ताव ग्रंथालय समितीच्या प्रत्येक बैठकीच्या कार्यवृत्तात आला पाहिजे. तोवर आठवड्यातून दोन दुपारी देवघेव बंद ठेवून ते तास वर्गांसाठी राखून ठेवावेत, आणि तसे वेळापत्रक प्राचार्यांच्या सहीने लावावे.