एस्पेरांतो अर्ध्यावर सोडली, आता परत धरायची तर कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात असताना मोबाइलवर एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली भाषा शिकायला घेतली, जो तो म्हणत होता जगातली सगळ्यात सोपी भाषा. पण शब्दाच्या शेवटी लागणारा 'न' आला, मग प्रश्नार्थक शब्दांचा तो भलामोठा तक्ता आला आणि गाडी तिथंच अडली. चिकोडीत बोलायलाही कोणी नाही. तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी की नाद सोडावा?

नाद सोडू नका, पण पहिल्यापासून तर अजिबात सुरू करू नका. मी बेळगावात शहापूरकडं राहतो. मधे बराच काळ मीही ही भाषा टाकून दिली होती. परत आलेला माणूस पहिला धडा उघडतो, 'हा मुलगा आहे, ती मुलगी आहे' वाचतो आणि दोन दिवसांत कंटाळतो, कारण तेवढं त्याला येतच असतं. अडलात तिथूनच धरा.

एक म्हणजे ते 'सोपी, सोपी' डोक्यातून काढा. ही भाषा घडवणाऱ्या झामेनहॉफनं १८८७ साली वॉर्सामध्ये पहिली पुस्तिका काढली, त्यात व्याकरणाचे नियम १६ च. खरं आहे. पण ते १६ नियम युरोपातल्या भाषा येणाऱ्या वाचकाला धरून लिहिलेले आहेत, आणि माझ्या मते त्यात थोडी जाहिरातही आहे. आपण अडलो की वाटतं, एवढी सोपी भाषा जमेना म्हणजे आपलंच डोकं चालत नाही. डोकं चालतंय. धडे इंग्रजीवाल्यांसाठी लिहिलेत, आपली अडचण वेगळ्या ठिकाणी आहे.

आधी 'न'चं बघू. धडे सांगतात, क्रिया ज्याच्यावर घडते त्याला 'न' लावा. शाळेत द्वितीया पाठ केलेली असते, स, ला, ते, त्यामुळं आपल्याला वाटतं हे तर येतंय. पण मराठी 'ला' हात राखून लावते. 'मी पोराला बघतो' म्हणतो, पण 'मी आंबा खातो', आंब्याला नाही खात. एस्पेरांतोत पोरगा असो नाहीतर आंबा, 'न' लागतोच: 'मी मांजास मांगोन'. (हो, त्यांचाही 'मी' मीच आहे.) उलट 'मला आंबा आवडतो' यातला 'ला' त्यांना नकोच, तिथंही 'मी शातास मांगोन'. म्हणून आपला 'न' बहुतेक वेळा निर्जीव वस्तूंपाशी विसरतो. इथं कन्नड कामाला येते. लेखी कन्नड आठवा: 'पुस्तकवन्नु ओदु'. बोलताना तो 'अन्नु' आपण गिळतो, पण लिहिताना असतो की नाही? जिथं लेखी कन्नडात 'अन्नु' बसेल तिथं 'न' घालून बघा. बहुतेक वेळा बरोबर येतं.

'न'ची दुसरी खोच जास्त चिवट आहे. 'घरात बसलोय' आणि 'घरात शिरलो', आपलं 'घरात' दोन्हीकडं एकच. त्यांच्याकडं आत बसलेला असाल तर 'एन ला दोमो' आणि बाहेरून आत जात असाल तर 'एन ला दोमोन'. इथं मराठीचा आधार सोडायचा आणि 'जाग्यावर की हालचाल' एवढंच स्वतःला विचारायचं.

आता तो तक्ता. ४५ शब्द, ५ गट, प्रत्येकात ९. इंग्रजीवाले तो घोकतात, तुम्ही कशाला घोकताय? 'कीआम' केव्हा, 'तीआम' तेव्हा. 'कीएल' कसं, 'तीएल' तसं. 'कीओम' किती, 'तीओम' तितकं. 'कीए' कुठं, 'तीए' तिथं. क प्रश्नाचा, त उत्तराचा, आणि हे नऊच्या नऊ जोड्यांना चालतं. जेव्हा, जसं, जितकं यातला आपला 'ज' मात्र त्यांच्याकडं नाही, ते काम 'की'वालेच शब्द करतात. राहिले तीन गट: 'ची' म्हणजे सगळं, 'नेनी' म्हणजे काहीच नाही, नुसता 'ई' म्हणजे काहीतरी. एका संध्याकाळचं काम आहे. उच्चारांचं तर बोलायलाच नको. चहातला 'च' आणि चांगल्यातला 'च' अशी त्यांची दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि दोन्ही आपल्या तोंडात आधीपासून आहेत.

पण खरं सांगू? 'न' आणि तक्ता नसता तरी तुम्ही सोडली असती. आपल्या भागात भाषा कोणी शिकत नाही, ती अंगावर येऊन पडते. बसची पाटी कन्नडात, जमिनीचा उतारा कन्नडात, घरात मराठी, भाजी मार्केटात हिंदी. कन्नडातलं 'एष्टु' म्हणजे किती हे आपल्याला कुठल्या तक्त्यातून कळलं? समोर दुकानदार उभा होता, बोलल्याशिवाय सुटका नव्हती. एस्पेरांतोवाचून काहीच अडत नाही, म्हणून ती सुटते. ॲपमधली सलग दिवसांची मोजणी हे खोटं अडणं आहे, एकदा तुटली की संपलं. काहीतरी खरोखर अडेल अशी सोय करावी लागते.

माझं अडलं ते कुंद्यापायी, आपल्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईपायी. ब्राझीलमधल्या एका निवृत्त शिक्षिकेशी माझा पत्रव्यवहार होता, तोही मी मधेच बंद पाडलेला. एकदा कुंद्याचा फोटो पाठवला, तर बाईंचं लगेच उत्तर: हे काय आहे, कसं करतात? आता सांगणं भाग होतं. दूध 'लाक्तो', साखर 'सुकेरो', इथवर जमलं. आटवायचं कसं लिहू? 'लोंगे बोलीगी' लिहिलं, बराच वेळ उकळवणे. त्यांनी पुढच्या पत्रात विचारलं, म्हणजे 'देन्सीगी' का? 'देन्सा' म्हणजे दाट, 'देन्सीगी' दाट करणे, 'देन्सीजी' दाट होणे. दूध आटतं आणि आपण ते आटवतो, तेच. कितीतरी धड्यांत हा 'ईग' आणि 'ईज' वाचूनही डोक्यात बसला नव्हता, त्या दुधानं बसवला. वर बाईंनी लिहिलं की त्यांच्याकडंही दूध-साखर आटवून 'दोसे दे लेइते' करतात. मग दोन-तीन पत्रं त्यावरच चालली.

मित्रमंडळी चेष्टा करतात ती करतातच. 'काय करूलास बे हे, अगोदर सीमाप्रश्न सुटू दे, मग जगाची भाषा शिक!' झामेनहॉफचं बियालिस्टोक गावही रशियन, पोलिश, जर्मन आणि यिडिश बोलणाऱ्यांच्या भांडणाचं गाव होतं. तिथल्या गोष्टी बेळगावकराला फार समजावून सांगाव्या लागत नाहीत. पण या भाषेनं भांडणं मिटतील या आशेनं शिकू नका, नोकरीच्या आशेनं तर नकोच. बाहेरदेशी फिरायचं असेल तर 'पासपोर्ता सेर्वो' ही एस्पेरांतो बोलणाऱ्यांना घरी उतरवून घेणाऱ्यांची यादी १९७४ पासून चालू आहे, तेवढा व्यवहारी फायदा जरूर आहे.

तर करायचं काय? ॲप बाजूला ठेवा. क्लोद पिरोंची 'गेर्दा मालापेरिस' ही १९८३ मधली छोटी रहस्यकथा घ्या. शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेली आहे, सुरुवातीला साधे संवाद आणि पुढं भाषा हळूहळू चढत जाते. पोरगी गायब झालीय, तिचं काय झालं हे कळायला पुढं वाचावंच लागतं. आणि तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच कोणाला तरी पत्र लिहा, पुस्तक संपायची वाट बघू नका. 'लेर्नू' या एस्पेरांतो शिकवणाऱ्या संकेतस्थळावर पत्रमित्र मिळतो का बघा. चुका होऊ देत, त्या मंडळींना चुकांची सवय आहे. डोक्यावर टोपीसारखी खूण असलेली त्यांची अक्षरं कीबोर्डवर नसतील तर साध्या अक्षरापुढं एक्स लिहायची पद्धत सगळ्यांना चालते. फक्त पत्रात तुमचं नाव-गाव-शिक्षण सांगून थांबू नका, शेवटी एक प्रश्न टाका. नाहीतर समोरचा 'छान लिहिता' म्हणतो आणि पत्रव्यवहार तिथंच आटोपतो.