समुद्रकाठच्या हॉटेलचा पहिला आराखडा

लातूर-नांदेडकडे घरे बांधत शिकलेल्या आपल्या हाताला सपाट स्लॅबची आणि ऊन टाळणाऱ्या लहान खिडक्यांची सवय असते. कोकणातील पहिले काम हाती घेताना या दोन्ही सवयी मराठवाड्यातच ठेवून जा. तिकडे वर्षाला 2500 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही वाऱ्याबरोबर आडवा; म्हणून उतरते कौलारू छप्पर भिंतीच्या चांगले चार फूट पुढे आणा आणि प्रत्येक खोलीतून वारा आरपार जाईल अशा समोरासमोर खिडक्या द्या.

रेखाटनाआधी भरतीरेषेचा अधिकृत नकाशा मिळवा. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर, वस्तीच्या घनतेप्रमाणे, भरतीरेषेपासून 50 किंवा 200 मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो; त्यापलीकडील पर्यटन-निवासालाही दोन मजले आणि 9 मीटर उंचीची मर्यादा आहे. मला ही मर्यादा योग्यच वाटते, कारण इमारत माडांच्या शेंड्यांखाली राहते.

सर्वाधिक काळजी खारट हवेची घ्या. माझ्या पहिल्या किनारी कामात मी सळईवर आपल्याकडच्यासारखे 20 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईला झाकणारा काँक्रीटचा थर, ठेवले होते. काही वर्षांतच छज्जाच्या खालच्या अंगाला तांबूस रेघ उमटली आणि बोटाने दाबताच काँक्रीटचा पापुद्रा सुटून आला. आयएस 456 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावर 45 आणि लाटांचे तुषार लागतात तेथे 50 मिलिमीटर कव्हर हवे. स्लॅब भरण्याआधी ते स्वतः पट्टीने मोजा. मिस्त्रीच्या शब्दावर सोडू नका.